महाविद्यालयाची निवड आणि हिवाळ्याचा हिशेब

वसईहून भिवंडीकडे जाणाऱ्या मार्गावर, तुंगारेश्वरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी कामण हे गाव वसले आहे. मागे कामणदुर्गाचा उंच डोंगर, पुढे भाताची खाचरे आणि त्यापलीकडे वसईच्या खाडीचा परिसर अशी येथील भूमीची ठेवण आहे. अशा गावात ऋतूचा विचार म्हणजे मुख्यतः पावसाचा विचार होय. वसई, भिवंडी वा ठाणे येथील महाविद्यालय निवडताना येथील विद्यार्थी आणि त्याचे पालक रस्त्यावर पाणी साचते काय, कामण रोड स्थानकावरून सोयीची गाडी मिळते काय, हे आवर्जून पाहतात. हिवाळा मात्र त्यांच्या हिशेबात सहसा नसतो. तो नसावा हे स्वाभाविकही आहे. कारण समुद्राच्या सान्निध्यामुळे या पट्ट्यात हिवाळा म्हणजे पहाटेचा गारवा, अंगणातील शेकोटी आणि दुपारचे कोवळे ऊन, एवढाच असतो.

परंतु उच्च शिक्षणाचे क्षेत्र आता तालुक्यापुरते वा जिल्ह्यापुरते राहिलेले नाही. भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या प्रवेशात विद्यार्थ्याचे राज्य पाहिले जात नाही. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतील निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असल्या, तरी उरलेल्या निम्म्या इतर राज्यांतील विद्यार्थ्यांना खुल्या असतात. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२२ पासून देशपातळीवरील सामाईक परीक्षा घेतली जाते. त्यामुळे पालघर जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या पसंतीक्रमात नागपूर, दिल्ली, वाराणसी, हमीरपूर, श्रीनगर अशी नावे सहज येऊ शकतात. हिमाचल प्रदेशातील मंडी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था २००९ मध्ये सुरू झाली. तिचा परिसर उहल नदीच्या खोऱ्यात कमांद येथे आहे. कामण आणि कमांद या नावांत एका अक्षराचेच काय ते अंतर. दोन्ही ठिकाणच्या जानेवारीत मात्र फार मोठे अंतर आहे.

निवड पावसात, कसोटी थंडीत

प्रवेशाचे पसंतीक्रम बहुधा जून-जुलैत भरले जातात. पालक मुलाला पोहोचवावयास जातात तेव्हाही पावसाळाच असतो. हिमालयाच्या पायथ्याचे डोंगर त्या दिवसांत हिरवेगार दिसतात, वसतिगृहाच्या खोल्या हवेशीर वाटतात आणि अंगावरील सुती कपडे पुरेसे ठरतात. त्या ठिकाणचे खरे हवामान विद्यार्थ्यास कळू लागते ते चार-पाच महिन्यांनी, आणि नेमक्या त्याच सुमारास सत्राच्या परीक्षा येतात. निवड एका ऋतूत व कसोटी दुसऱ्या ऋतूत, हेच या प्रश्नाचे मर्म होय.

या संदर्भात भिवंडीपलीकडील कल्याणचे एक उदाहरण स्मरणीय आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या १८८३ च्या जूनमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, अमेरिकेत पोहोचल्या. त्यानंतर फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण सुरू झाले आणि मग हिवाळा आला. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. ते त्या थंडीत निभेना. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसण्यास प्रारंभ केला. खोलीतील शेगडीने ऊब मिळण्याऐवजी धूरच अधिक होई. अशा स्थितीत त्यांनी अभ्यास पुरा करून ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळविली. त्यांची प्रकृती मात्र खालावत गेली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. या आजाराचा दोष एकट्या थंडीला देता येणार नाही. तथापि वस्त्र, अन्न आणि निवारा या तीन गोष्टी हवामानाला अनुरूप नसतील, तर बुद्धी आणि जिद्द असूनही शिक्षणाचे ओझे किती वाढते, हे त्या चरित्रातून स्पष्ट होते.

तापमानाचा आकडा कसा वाचावा

एखाद्या शहराची थंडी किती, हे ठरविताना केवळ रात्रीचे किमान तापमान पाहणे पुरेसे नाही. दिवसाचे कमाल तापमानही तितकेच महत्त्वाचे असते. मुंबईच्या उपनगरांत जानेवारीतील सरासरी किमान तापमान १६ ते १७ अंश सेल्सियस व कमाल ३१ अंशांच्या आसपास असते. नागपूरला रात्री १२-१३ अंशांपर्यंत उतरतात. क्वचित याहूनही फार खाली जातात. २९ डिसेंबर २०१८ रोजी तेथे ३.५ अंश तापमान नोंदले गेले होते. परंतु नागपूरच्या हिवाळ्यात आकाश बहुधा निरभ्र असते आणि दुपारचे ऊन अंग चांगले शेकून काढते. महाराष्ट्रातील विदर्भ, मराठवाडा आणि नाशिक या भागांतील थंडी प्रामुख्याने रात्रीची व पहाटेची असते. निफाडजवळील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांखाली गेल्याच्या बातम्या अनेक वर्षी येतात. तरीही दुपारी तेथे स्वेटर काढून ठेवावा लागतो.

उत्तरेच्या मैदानातील स्थिती निराळी आहे. दिल्लीतील जानेवारीचे सरासरी किमान तापमान ७ ते ८ अंश व कमाल २० अंशांच्या जवळपास असते. ज्या दिवशी दाट धुके सूर्याला अडवून धरते, त्या दिवशी दुपारही रात्रीसारखीच गारठलेली राहते. ३० डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत दिवसाचे कमाल तापमान अवघे ९.४ अंश होते. ज्या खोलीत ऊन येत नाही आणि ऊब देणारे साधन नाही, तेथे असे आठ-दहा दिवस काढणे कोकणातील मुलाला जड जाते. श्रीनगरमध्ये तर जानेवारीतील रात्रीचे सरासरी तापमान शून्याखाली असते. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडक थंडीला काश्मिरात ‘चिल्लई कलान’ असे नावच आहे.

हवामान खात्याच्या निकषांवरूनही हा फरक समजून घेता येतो. थंडीची लाट ठरविताना मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याखाली गेले आहे काय हे पाहतात. डोंगराळ भागासाठी ही मर्यादा शून्य अंश, तर समुद्रकिनाऱ्यासाठी १५ अंश आहे. त्याखेरीज त्या दिवसांच्या सरासरीहून तापमान किती उतरले, हेही विचारात घेतले जाते. किनाऱ्यावर जी असाधारण थंडी मानली जाते, ती दिल्लीत जानेवारीतील नित्याच्या रात्रीपेक्षाही सौम्य असते.

थंडी येते कोठून

पाणी हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. त्यामुळे समुद्राजवळचा प्रदेश उन्हाळ्यात फार तापत नाही व हिवाळ्यात फार गारठत नाही. उत्तर भारत समुद्रापासून दूर आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फवृष्टी घडवितात. ते पुढे सरकले की उत्तरेकडील कोरडे, थंड वारे मैदानात उतरतात. हेच वारे काही वेळा नाशिक-जळगावपर्यंत आणि क्वचित वसईपर्यंतही पोहोचतात. गंगेच्या खोऱ्यात ओलसर जमीन, शांत वारा आणि निरभ्र रात्र यांचा मेळ बसला की जमिनीलगतची हवा गार होऊन दाट धुके धरते.

दिवसाची लांबीही ध्यानात घ्यावयास हवी. २१ डिसेंबरच्या सुमारास कामण परिसरात दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तर श्रीनगरला तो १० तासांहूनही कमी. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात सूर्य उशिरा दिसतो आणि लवकर आड जातो. सकाळी लवकर उठून अभ्यास करण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यास अशा ठिकाणी आपले वेळापत्रक बदलावे लागते.

प्रकृतीचा विचार आधी

दमा, वारंवार होणारा खोकला किंवा सांधेदुखी असलेल्या विद्यार्थ्याने थंड प्रदेशातील संस्था निवडण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पालघर जिल्ह्याच्या दृष्टीने सिकलसेल या आजाराचा उल्लेख विशेष आवश्यक आहे. हा आनुवंशिक आजार महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत आढळतो. त्यात तांबड्या रक्तपेशींचा आकार विळ्यासारखा होतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि तहान कमी लागत असल्याने पाणीही कमी प्यायले जाते. अशा वेळी या पेशी रक्तप्रवाहात अडून तीव्र वेदना उद्भवू शकतात. उंचावरील विरळ हवेतही धोका वाढतो. या आजाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू करण्यात आले. पसंतीक्रम भरण्यापूर्वी रक्ततपासणी करून घेतली, तर निर्णय अंदाजावर राहत नाही. केवळ वाहक असणाऱ्या व्यक्तीला बहुधा त्रास होत नाही. तरीही उंच ठिकाणी जावयाचे असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. प्रत्यक्ष आजार असलेल्या विद्यार्थ्याने मात्र हवामानाला अभ्यासक्रमाइतकेच महत्त्व द्यावे. त्याला उच्च शिक्षणाचा मार्ग बंद होत नाही. योग्य ठिकाण निवडणे एवढाच त्याचा अर्थ आहे.

निरोगी विद्यार्थ्यालाही पहिल्या हिवाळ्यात ओठ व टाचा फुटणे, बोटे लाल होऊन सुजणे व खाजणे असे त्रास होऊ शकतात. गारठलेले हात एकदम विस्तवावर धरू नयेत. थंडीतही पाणी पुरेसे प्यावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे तर जीवघेणे ठरते. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा गंध नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा दुर्घटना घडतात. कोकणात शेकोटी अंगणात, उघड्यावर असते. म्हणून या धोक्याची जाणीव येथील मुलांना नसते. ती घरातूनच करून द्यावयास हवी.

खर्चाची बाजू

शेतीवर वा मजुरीवर चालणाऱ्या कुटुंबात शुल्क, भोजन आणि वसतिगृह यांचा हिशेब मांडला जातो. हिवाळ्याचा खर्च त्यात धरलेला नसतो. जाड गादी, रजई, लोकरीचे आतील कपडे, दोन स्वेटर, वारा अडविणारे जाकीट, मोजे, बंद बूट आणि कानटोपी ही सामग्री चैनीची नसून अभ्यासाच्या पुस्तकांइतकीच आवश्यक आहे. एका जाड कपड्यापेक्षा एकावर एक घातलेले दोन-तीन कपडे अधिक ऊब देतात, कारण त्यांच्यामध्ये अडकलेली हवा शरीरातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मुंबईच्या बाजारातील पातळ स्वेटर उत्तरेत पुरत नाहीत. कडक थंडीचे कपडे त्या गावातच, दिवाळीच्या सुमारास, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारून घ्यावेत. मात्र त्यासाठीची रक्कम जुलैतच बाजूला काढून ठेवावी.

प्रवासाचेही तसेच आहे. दाट धुक्यात गाड्या अनेक तास उशिरा धावतात. परीक्षेच्या वा पुढील गाडीच्या वेळेआधी एक दिवस हाताशी राहील, अशा बेताने आरक्षण करावे. श्रीनगरसारख्या ठिकाणी हिवाळी सुटी दीर्घ असते. तेव्हा घरी परतण्याचे भाडे वर्षाच्या खर्चात धरावेच लागते. उलट मैदानी भागातील अनेक महाविद्यालयांत सुटी अल्प असून जानेवारीत वर्ग पुन्हा भरतात. संस्थेचे शैक्षणिक वेळापत्रक आधी पाहिले, तर हा फरक लक्षात येतो.

पसंतीक्रम भरण्यापूर्वी

पुढील प्रश्नांची उत्तरे विद्यार्थी व पालकांनी एकत्र बसून लिहून काढावीत:

१) त्या शहराचे डिसेंबर व जानेवारीतील सरासरी किमान आणि कमाल तापमान किती?

२) धुक्याचे दिवस तेथे किती असतात? बर्फ पडतो काय?

३) वसतिगृहात अंघोळीला गरम पाणी मिळते काय? खोलीत विजेची शेगडी वापरण्यास परवानगी आहे काय?

४) सत्र परीक्षा आणि हिवाळी सुटी कोणत्या महिन्यांत येतात?

५) प्रकृतीची कोणती तक्रार थंडीत वाढते? त्याबाबत डॉक्टरांचे मत काय?

६) गरम कपडे व प्रवास यांसाठी किती रक्कम लागेल आणि ती कोठून उभी करावयाची?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हवामान खात्याने प्रसिद्ध केलेल्या तीस वर्षांच्या सरासरीत मिळतात. पुढील दोन प्रश्न संस्थेच्या कार्यालयास व तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस विचारावेत. शेवटच्या दोहोंची उत्तरे घरातच शोधावयाची आहेत.

या साऱ्या विचाराचा हेतू विद्यार्थ्याला थंडीचे भय घालावे असा मुळीच नाही. दोन संस्थांचा दर्जा, अभ्यासक्रम व खर्च सारखाच असेल, तर सौम्य हवामानाच्या संस्थेला झुकते माप देण्यास हरकत नाही. पण उत्तम संस्थेतील हवा तो अभ्यासक्रम मिळत असताना केवळ थंडीच्या धास्तीने तो सोडणे म्हणजे हाती आलेली संधी दवडणे होय. त्याचप्रमाणे काहीच तयारी न करता जाणे आणि पहिल्याच जानेवारीत आजारी पडून परतणे, हेही मोठे नुकसान आहे. कुटुंबातून पहिल्यांदाच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत ते अधिकच जाणवते. कारण असा एक विद्यार्थी परत आला की गावातील पुढच्या मुलांची पावलेही अडखळतात.

कामणचा शेतकरी पावसाचा अंदाज घेऊनच भाताचे वाण निवडतो. पाऊस जास्त पडतो म्हणून तो शेती सोडत नाही. बांध आधी घालून ठेवतो. दूरच्या महाविद्यालयाची निवड करतानाही हीच रीत उपयोगी पडेल. हिवाळ्याचा हिशेब पावसाळ्यातच मांडला, तर कामणच्या मुलीला वा मुलाला कमांदचा जानेवारी परका वाटला तरी अनपेक्षित वाटणार नाही.