उकिरड्याला चार महिने दे

पडघा, ता. भिवंडी
माघ

चि. मंगेश यास काकांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, मे महिन्यात तबेल्यावरून दोन ट्रॉल्या शेण आणतो, खांबाच्या बुडाशी टाकतो आणि मृगाच्या पावसावर ड्रॅगन फ्रूटची रोपं लावतो. वरकस जमिनीवर बाग करायची आणि रासायनिक खत घालायचं नाही, हा तुझा बेत ऐकून मला फार बरं वाटलं. पण शेण मे महिन्यात आणू नकोस, आताच आण. एवढं सांगायलाच हे पत्र लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी मी पहिले 20 खांब उभे केले तेव्हा हीच चूक केली होती. ज्येष्ठात ओलं शेण आणून वेलाच्या खोडाला ढीग लावला. आषाढात झड लागली आणि बुंधे आधी पिवळे पडले, मग पिचपिचीत झाले. एक वेल ओढला तर अलगद हातात आला. मुळं काळी पडून सडली होती आणि शेणात बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, कमानीसारख्या वाकलेल्या हुमणीच्या अळ्या होत्या. 11 खांबांवरचे वेल गेले. कच्चं शेण कुजताना तापतं, त्यातल्या अमोनियाने कोवळी मुळं भाजतात. हुमणीचे भुंगेरेही अशाच ढिगात अंडी घालतात. वरून आपला पाऊस.

हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतल्या जंगलातलं निवडुंग. तिथे ते झाडांवर चढतं आणि खोडाच्या बेचक्यात साचून कुजलेल्या पालापाचोळ्यातही मुळं पसरतं. म्हणून त्याला कुजलेलं खत मानवतं आणि साचलेलं पाणी मुळीच चालत नाही. जतकडच्या बागा पाहून भुलू नकोस. तिथे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, आपल्याकडे दोन हजारांच्या वर. तिथे पाणी कसं द्यायचं याची चिंता, आपल्याला ते कसं काढायचं याची. भाताच्या खाचरात एकही खांब उभा करू नकोस. वरकसावर दीड फूट उंच गादीवाफे कर, उताराच्या बाजूने चर काढ आणि मगच खताचा विचार कर.

आता खताचं. चिंचेखालच्या सावलीत, पाणी साचणार नाही अशा जागी ढीग घाल. एक थर शेण, एक थर पेंढा आणि पालापाचोळा. आपण दरवर्षी राब भाजायला शेण-पाला जाळतो. त्यातला अर्धा पाला यंदा ढिगाला दे. जाळलेल्या पाल्याची नुसती राख उरते, कुजलेल्या पाल्याची माती होते. मुठीत दाबलं की हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, एवढाच ओलावा ठेव. दर तीन आठवड्यांनी ढीग वरखाली कर, अळ्या दिसल्या तर वेचून काढ. ढीग थंडावला की टनाला किलोभर ट्रायकोडर्मा मिसळ.

खत तयार झालं हे नाकाला कळतं. शेणाचा वास जाऊन पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, आत हात घातला तर ऊब लागत नाही, पेंढ्याची काडी बोटात चुरते. असं खत खांबाला 10 ते 15 किलो आणि सोबत अर्धा किलो निंबोळी पेंड, हे माझं माप. खोडापासून वीतभर लांब, गोल कडं करून पसर आणि वर पेंढ्याचं आच्छादन घाल. मुळं अगदी वरच्या थरात असतात, म्हणून तिथे कुदळ चालवू नकोस. पुढच्या वर्षापासून हेच खत दोन हप्त्यांत दे. एक तोडणी संपल्यावर, दुसरा फुलं लागण्याआधी. भर पावसात काही देऊ नकोस, सगळं चरातून वाहून जातं.

जिवामृत द्यायचं तर जरूर दे. पण ते विरजण आहे. दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? आधी जमिनीत कुजलेलं खत हवं. आणि डाईंगच्या कारखान्यांचं पाणी येतं त्या नाल्याला मोटर लावू नकोस. खत कितीही शुद्ध असलं तरी त्या पाण्यावरचं फळ माझ्या नातवाला मी देणार नाही, मग गिऱ्हाइकाला कसं द्यायचं? प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पाटीवर ‘सेंद्रिय’ असंही लिहू नकोस. त्याला तीन वर्षं जातात, जाऊ देत.

बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उघडतं म्हणतात. तू तुझ्या उकिरड्याला चारच महिने दे. येत्या रविवारी ऐरोलीहून ये. फावडी दोन आहेत, पहिला थर आपण दोघं मिळून घालू.

तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका