दगडाची धूळ आणि केसपेपरवरील एक रकाना

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखोबा व त्यांच्यासमवेतचे मजूर गाडले गेले, असे परंपरा सांगते. इ. स. १३३८ हे त्या घटनेचे वर्ष मानले जाते. कोसळलेल्या भिंतीची आठवण राहते. श्वासावाटे आत गेलेल्या धुळीची नोंद मात्र बहुधा कोठेच होत नाही. या धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसविकारास सिलिकोसिस म्हणतात.

गारगोटी व वाळू यांत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील रक्षक पेशी ते गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. या झटापटीत फुफ्फुसात कठीण गाठी तयार होतात. काम सोडल्यावरही हा क्रम चालू राहू शकतो. रोग दिसू लागण्यास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. अतिशय दाट धुळीत मात्र काही महिनेही पुरतात. फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध नाही.

आपल्याकडील काळ्या पाषाणात मुक्त सिलिका अल्प असते. म्हणून खडीची धूळ निरुपद्रवी ठरत नाही. पण अधिक धोका वाळूचे साचे वापरणाऱ्या फौंड्रीत, वाळूच्या झोताने लोखंड साफ करण्यात आणि ग्रॅनाइट कोरडे कापण्यात असतो. आपल्या दुष्काळी तालुक्यातील माणसे कामासाठी परगावी जातात. काम तिकडे राहते, आजार गावी येतो. मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर गुजरातमध्ये गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले, त्यांचे असेच झाले. त्यांपैकी २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरात सरकारला दिला. मृत्यू अगोदर, आदेश नंतर!

खोकला, धाप, वजन घटणे आणि एक्स-रेवर डाग एवढे दिसले की क्षयाचा संशय येतो. तो रास्तही आहे, कारण सिलिकोसिसच्या रुग्णास क्षय होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. थुंकीची तपासणी टाळू नये. तथापि क्षयाचे उपचार पूर्ण होऊनही धाप कमी होत नसेल, तर रुग्णाने पूर्वी कोणते काम केले हे विचारलेच पाहिजे. केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात 'मजुरी' किंवा 'शेती' एवढेच लिहिले जाते. त्या एका शब्दात फौंड्रीतील पंधरा वर्षे दडून राहतात.

तोंडावर बांधलेला रुमाल हे सूक्ष्म कण अडवत नाही. पाणी मारून दगड कापणे आणि धूळ उगमाशीच यंत्राने ओढून घेणे हे खरे उपाय होत. ते मालकाच्या हाती आहेत. नातेवाइकांनी रुग्णास आणताना कोणत्या गावी, कोणत्या कामावर, किती वर्षे होते हे कागदावर लिहून आणावे. जुने एक्स-रे टाकून देऊ नयेत. नुकसानभरपाईचा दावा करताना तेही लागतात.