कॉपरमाइन नदीचा नकाशा

नकाशावरील नदीची रेषा आपण बोटानें क्षणांत गिरवितों. परंतु ती तेथें कशी उमटली, याचा विचार क्वचितच करितों. कॅनडाच्या उत्तरेकडील कॉपरमाइन नदी या दृष्टीनें बोधप्रद आहे. सुमारें ८४५ किलोमीटर लांबीची ही नदी बहुतांशीं निर्जन प्रदेशांतून वाहत उत्तर ध्रुवमहासागरास मिळते.

१७७१ सालीं सॅम्युएल हर्न हा इंग्रज तांब्याच्या शोधार्थ, मातोनाबी नामक चिपेवायन पुढाऱ्याच्या मार्गदर्शनानें, पायीं चालत तिच्या मुखाशीं पोहोंचला. त्यानें मुखाचा अक्षांश जवळजवळ ७२ अंश नोंदविला. १८२१ सालीं जॉन फ्रँकलिनच्या तुकडीनें फिरून मापन केलें, तों तो ६८ अंशांहूनहि किंचित् कमी भरला! एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. यावरून चूक किती मोठी, हें विद्यार्थ्यांनीं स्वतःच गुणून पाहावें.

या दुरुस्तीचें मोल मात्र भयंकर होतें. परतीच्या वाटेवर अन्न संपलें आणि वीस जणांपैकीं अकरा जण प्राणांस मुकले. नकाशे रेखाटणारा तरुण रॉबर्ट हूड त्यांतच गेला. उरलेल्यांस अकाइचो या यलोनाइफ पुढाऱ्याच्या माणसांनीं अन्न देऊन वांचविलें.

पुढें विसाव्या शतकांत विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांच्या साह्यानें कॅनडाच्या उत्तर भागाचे सविस्तर नकाशे निघाले. १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशांत एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. समोच्चरेषा दाट असतील तेथें चढ उभा, विरळ असतील तेथें सपाटी. त्या रेषा नदीस जवळजवळ छेदीत असतील, तर तेथें पाण्यास मोठा उतार आहे असें समजून होडीवाल्यानें सावध व्हावें. दोन रेषांमधील लहानसा धबधबा मात्र नकाशांत दिसत नाहीं.

अशा नकाशाच्या समासांत होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, तें सालासह छापलेलें असतें. साल कशासाठीं? चुंबकीय ध्रुव स्थिर नाहीं म्हणून. १८३१ सालीं जेम्स क्लार्क रॉसला तो बूथिया द्वीपकल्पावर आढळला. तेथून तो आतां दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर सरकला आहे. नांवेंहि बदलतात. नदीमुखावरील ‘कॉपरमाइन’ गांव १९९६ पासून तेथील इनुइट लोकांच्या भाषेंत ‘कुग्लुक्तुक’ झालें आहे.

यास्तव, विद्यार्थिमित्रहो, जुना नकाशा हातीं येतांच प्रथम त्याचें साल पाहा, मग प्रमाण. डोंगर-नद्यांविषयीं त्यावर बराच विश्वास ठेवा. सुईची दिशा मात्र नव्या नोंदीवरूनच घ्या. आणि ज्या वाटाड्यांचीं नांवें समासांत छापलेलीं नसतात, त्यांचें स्मरण असूं द्या.