न्हाणीघरातील आधारदांडी

उतारवयात पडण्याचे अनेक प्रसंग घरातच घडतात, आणि त्यांतही न्हाणीघर व संडास ही दोन ठिकाणे विशेष धोक्याची होत. तेथील जमीन ओली व निसरडी असते, जागा अरुंद असते आणि बसणे-उठणे अपरिहार्य असते. बसलेला माणूस एकाएकी उभा राहिला, तर रक्तदाब क्षणभर उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. अशा वेळी हात आपोआप जवळची वस्तू पकडतो. ती वस्तू बहुधा टॉवेलची दांडी किंवा नळ असते. परंतु टॉवेलची दांडी टॉवेलचे ओझे पेलण्यासाठी केलेली असते, माणसाचे नव्हे. ती उपटून येते आणि प्रसंगी खुब्याचे हाड मोडते. हाड जुळले तरी पडण्याची धास्ती उरते. धास्तीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने स्नायू दुबळे होतात आणि पुन्हा पडण्याचा संभव वाढतो.

जागा कशी ठरवावी?

दांडी जो वापरणार, त्याला प्रथम त्या जागी बसवून व उठवून पाहावे. त्याचा हात जेथे स्वाभाविकपणे जातो, तेथे भिंतीवर खडूने खूण करावी. कमोडच्या बाजूस आडवी दांडी उपयोगी पडते. तिची उंची जमिनीपासून साधारणपणे ७० ते ९० सेंटिमीटर असावी. देशी पद्धतीच्या संडासात उभी दांडी अधिक सोयीची. तिचे खालचे टोक उकिडव्या बसलेल्या माणसाच्या हाताशी यावे, तर वरचे टोक तो उभा राहिल्यावर त्याच्या छातीच्या उंचीला यावे. उंबरठ्यापाशीही एक उभी दांडी असावी.

दांडी कशी निवडावी?

दांडीची जाडी मुठीत नीट मावेल अशी, म्हणजे ३ ते ४ सेंटिमीटर असावी. भिंत व दांडी यांत सुमारे ४ सेंटिमीटर अंतर पुरे. ते फार असल्यास हात घसरून कोपरापर्यंत अडकण्याची भीती असते. दांडी न गंजणाऱ्या पोलादाची व किंचित खरबरीत असावी. हवेच्या दाबाने फरशीला चिकटणाऱ्या दांड्यांवर शरीराचा भार टाकू नये. त्यांची पकड केव्हा सुटेल याचा नेम नसतो.

दांडी कशी बसवावी?

दांडीचे बळ अखेर भिंतीच्या बळावर अवलंबून असते. फरशी आणि गिलावा यांना आधार मानू नये. बोल्ट त्यांच्या पलीकडे विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल गेला पाहिजे. भिंत पोकळ ठोकळ्यांची अथवा पातळ असेल, तर जाणकार गवंड्याचा सल्ला घेणे इष्ट. छिद्र पाडण्यापूर्वी भिंतीतून पाण्याचा नळ किंवा विजेची तार गेली आहे काय, याची खात्री करून घ्यावी. फरशी पार होईपर्यंत यंत्र ठोका न देता सावकाश चालवावे, म्हणजे ती तडकणार नाही. छिद्राभोवतीची फट सिलिकॉनने बुजवावी, अन्यथा पाणी आत मुरते. शेवटी सशक्त माणसाने हळूहळू भार वाढवीत दांडी ओढून पाहावी. ती किंचितही हलली, तर वापरू नये. पुढेही अधूनमधून बोल्ट तपासावेत.

आधाराची दांडी लावणे म्हणजे परावलंबन पत्करणे, असे अनेक वृद्धांना वाटते. वस्तुतः दार लावून एकट्याने स्नान करण्याचे स्वातंत्र्य तीच टिकवून धरते. म्हणून ती पहिल्या पडण्यानंतर नव्हे, त्यापूर्वीच बसविली पाहिजे.