बाळाचे डोळे चिकटतात तेव्हा

मैत्रिणींनो, आठ-दहा दिवसांच्या बाळाचे डोळे सुजलेत, सकाळी चिपडांनी चिकटलेत, असं दिसलं की घरात कुणी अंगावरचं दूध डोळ्यात पिळतं, कुणी काजळ घालतं. दोन्ही नको. यामागे क्लॅमिडिया नावाचा जंतू असू शकतो. तो बाळाला आईकडून, बाळंत होताना लागतो.

हा जंतू नवरा-बायकोच्या संबंधातून पसरतो. बहुतेक बायकांना काहीच त्रास होत नाही, हीच मोठी अडचण. काहींना अंगावरून पिवळट जातं, लघवीला जळजळ होते, संबंधानंतर रक्त दिसतं. "पोटुशीला एवढं चालायचंच" म्हणत आपण गप्प बसतो. उपचार राहिला तर वेळेआधी पाणमोट फुटणं, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, हे धोके वाढतात.

बाळाच्या डोळ्यांचा त्रास साधारण ५ ते १४ दिवसांत दिसतो. आशाताई ७व्या आणि १४व्या दिवशी घरी येतात, तेव्हा डोळे दाखवाच. पहिल्या तीन-चार दिवसांतच भरपूर पू आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, तो दुसराही जंतू असू शकतो. क्लॅमिडियाला नुसते थेंब पुरत नाहीत, पोटातून औषध द्यावं लागतं. काही बाळांना एक ते तीन महिन्यांच्या वयात न्यूमोनिया होतो. तुटक तुटक खोकला, धाप, पण ताप बहुधा नसतो. ताप नाही म्हणून सासूबाई थांबा म्हणाल्या तरी थांबू नका!

गरोदरपणी एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त तपासतात, पण क्लॅमिडियाची तपासणी नेहमीच्या यादीत नसते. म्हणून त्रास आपणच सांगायचा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथे सांगा. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये उपचार मोफत होतात आणि नाव गुप्त राहतं.

गरोदर बाईला चालणारं औषध आहे, बहुधा अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एकच डोस. मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणी देत नाहीत. नवऱ्यालाही औषध हवंच, नाहीतर जंतू परत येतो. "मला काय झालंय?" असं तो म्हणेल. पुष्कळ पुरुषांनाही काही जाणवत नाही. जंतू महिनोन्‌महिने लपून राहतो, त्यामुळे कुणी आणला यावर घरात भांडण काढून काही कळत नाही. दोघांचा डोस झाल्यावर ७ दिवस संबंध टाळा आणि साधारण महिन्याने पुन्हा तपासून घ्या.