तलाव एक, फोल्डर चार

साकोलीसारख्या तालुक्यात आता शाळा, ग्रामपंचायती, मच्छीमार सोसायट्या, शेतकरी गट आणि पक्षिनिरीक्षक असे सगळेच आपापली माहिती संगणकात साठवू लागले आहेत. निस्तार पत्रकांचे स्कॅन, तलावाच्या पाळीची छायाचित्रे, धानाच्या वाणांच्या नोंदी, सारसगणनेच्या याद्या असा ऐवज रोज वाढतो आहे. ही माहिती लावण्याच्या कामात राहून माझे एक मत पक्के झाले आहे. जागा कमी पडली म्हणून माहिती हरवल्याचे क्वचितच घडते. वर्गीकरण फसले की ती हमखास हरवते. फसण्याचे कारणही बहुतेक वेळा एकच असते. वस्तू कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली, यालाच आपण तिची ओळख समजतो. आधी जिल्ह्याचे फोल्डर होते, त्यात तालुक्याचे, त्यात गावाचे, त्यात विषयाचे. काही महिन्यांत ‘इतर’ नावाचे फोल्डर सर्वांत फुगते, त्याच्या शेजारी ‘नवीन’ आणि ‘नवीन 2’ येतात, आणि ज्याने हे रचले तो माणूस बदलला की आत काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. जे आज अशा कामाला हात घालत आहेत त्यांनी सुरुवातीलाच सावध व्हावे, यासाठी हे लिहितो आहे.

नवेगावबांधच्या तलावाकडे पाहिले तर ही अडचण स्पष्ट कळते. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याचे या भागात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. इंग्रजी अमदानीत हा तलाव मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्याच्या साकोली तहसिलीत मोडत होता. 1950 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडाचे मध्य प्रदेश राज्य झाले, 1956 मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि आज हा तलाव त्या जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. मधल्या काळात, 1951 मध्ये, मालगुजारी संपली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा होऊन ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव झाले. 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. तलाव जागचा हललेला नाही, पण त्याचा पत्ता इतक्या वेळा बदलला. रसेल यांनी संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे 1908 चे गॅझेटियर, 1970 च्या दशकातला वनखात्याचा कागद आणि 2015 चे छायाचित्र हे तिन्ही जिल्हावार फोल्डरांत टाकले, तर गोंदियाच्या फोल्डरमध्ये शोधणाऱ्याला फक्त शेवटचे सापडेल. साकोलीतून जाणाऱ्या महामार्गाचेही तसेच आहे. तो वर्षानुवर्षे राष्ट्रीय महामार्ग 6 होता, 2010 च्या फेरक्रमांकनानंतर 53 झाला. जे बदलू शकते त्यावर ओळख बांधली, तर प्रत्येक सरकारी अधिसूचनेसरशी आपला संग्रह मोडतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. पत्ता कधीच बदलला नाही असे मानले, तरी एक तलाव एकाच खान्यात बसत नाही. पाटबंधाऱ्यांच्या नोंदीत तो सिंचनाचे साधन आहे: 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असेल तर जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठा असेल तर राज्याच्या खात्याकडे. ढिवर समाजाच्या सोसायटीला तो मासेमारीचा आधार आहे. निस्तार पत्रकात त्यावर गावकऱ्यांच्या वापराचे हक्क नोंदलेले असतात, आणि पक्षिनिरीक्षकाला तिथे सारस दिसतो. यांतला कोणता विषय ‘खरा’? झाडासारख्या एकाच उतरंडीत ज्ञान बसवण्याचा सर्वांत यशस्वी प्रयत्न मेल्विल ड्युई यांच्या 1876 च्या दशांश पद्धतीचा. ग्रंथालयातल्या कपाटासाठी ती रास्त आहे, कारण छापील पुस्तक एका वेळी एकाच जागी राहू शकते. या उतरंडीची मर्यादा ओळखून तिच्यावर तोड काढली ती आपल्याच देशातल्या शियाली रामामृत रंगनाथन यांनी. 1933 च्या त्यांच्या कोलन वर्गीकरणात विषयाचे स्वतंत्र पैलू वेगळे नोंदवून ते चिन्हांनी जोडले जातात. मुख्य वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ असे ते पाच पैलू. संगणकाला कपाटाचे बंधन नाही, त्यामुळे रंगनाथनांचा विचार तिथे पुस्तकांपेक्षाही चपखल बसतो. एकच छायाचित्र ‘मासेमारी’ विचारणाऱ्याला मिळावे, ‘1999 पूर्वीचे’ विचारणाऱ्यालाही आणि ‘नवेगावबांध’ विचारणाऱ्यालाही. त्यासाठी त्याच्या तीन प्रती करण्याची गरज नाही, तीन पैलू नोंदवले की पुरे.

पैलू ठरले तरी शब्दांचा प्रश्न राहतोच. कोणी ‘तलाव’ लिहितो, कोणी ‘तळे’, कोणी लहान तलावाला ‘बोडी’ म्हणतो. गावाचे नाव कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून, कोणी अनुस्वार देऊन. जीवशास्त्राने हा प्रश्न फार आधी हाताळला. लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींना दोन पदांची नावे सर्वत्र लावली, तेव्हापासून लोकांची नावे वेगळी आणि शास्त्राचे नाव एक, अशी सोय झाली. पण शास्त्राचे नावही कायमचे नसते. आपल्या भागातला सारस वर्षानुवर्षे ग्रस प्रजातीत होता. आनुवंशिक अभ्यासानंतर तो अँटिगोनी प्रजातीत गेला. पक्षी तोच, नोंदणीची पाटी बदलली. नवेगावबांधच्या जंगलात राहून काम केलेल्या मारुती चितमपल्लींनी ‘पक्षीकोश’ रचताना एकेका पक्ष्याची अनेक नावे एकत्र आणली, आणि आपल्या संग्रहालाही नेमके हेच हवे. लोकांचे शब्द खोडायचे नाहीत. ते एका मान्य शब्दाशी जोडायचे, म्हणजे ‘बोडी’ शोधणाऱ्याला ‘लहान तलाव’ असे नोंदलेलेही सापडते. गावचा शब्द टाकून फक्त कार्यालयाचा शब्द ठेवणारे वर्गीकरण माहितीबरोबर लोकांचा हक्कही पुसते. ज्या तलावाची नोंद केवळ ‘सिंचन’ म्हणून उरली, त्यावरची मासेमारी आणि निस्तार पुढच्या पिढीला शोधूनही सापडणार नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा की आता शोधयंत्र आहे, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. वर्गीकरणाचा खटाटोप कशाला? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात तथ्य आहे. नीट टंकलेल्या मजकुरात शोध चांगला चालतो. पण आपल्या संग्रहातला मोठा भाग तसा नाही. छायाचित्रात अक्षरे नसतात. मोडी किंवा हस्तलिखित कागदाच्या स्कॅनमध्ये यंत्राला चित्रच दिसते. युनिकोड रुळण्याआधी कृतीदेव, श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच, त्याच्या पोटात रोमन अक्षरांची गिचमिड असते. ‘तलाव’ शोधला तर तो पुढे येणार नाही. यंत्र छायाचित्र पाहून ‘पाणी, पक्षी, झाडे’ इतके सांगेल. ते पाणी साकोलीचे की लाखांदूरचे, पाळ दुरुस्तीआधीची की नंतरची, हे ज्याला ठाऊक आहे त्याने लिहून ठेवले नाही तर कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. यंत्राची मदत जरूर घ्यावी; पण त्याने सुचवावे आणि माणसाने ठरवावे, आणि ठरवण्यासाठी मान्य शब्दांची यादी आधी हातात असावी.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. दोन शिक्षक आणि एक डेटा ऑपरेटर यांच्यावर पन्नास रकान्यांचा तक्ता लादला, तर काम आठवड्यात बंद पडेल. हेही खरे आहे, म्हणून रकाने मोजकेच ठेवा. तिसरा आक्षेप असतो सरकारी साच्याचा: शासनाचे कोड आहेतच, आपण वेगळे का करायचे? याबाबत माझे सांगणे असे की जिथे स्थिर सरकारी क्रमांक आहे तिथे तो जरूर वापरा. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक आहे. गावाच्या नावापेक्षा तो भरवशाचा, कारण एकाच नावाची गावे एका जिल्ह्यातही असतात. पण गावाच्या आत किती तलाव, कोणती बोडी कोणाची, हे त्या क्रमांकात येत नाही. तिथून पुढचे काम आपले.

म्हणून हे काम सुरू करणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा. स्कॅन करण्याआधी लोक या संग्रहाला काय विचारतील ते प्रश्न कागदावर लिहा, कारण पैलू त्या प्रश्नांतूनच निघतात. प्रत्येक वस्तूला अर्थ नसलेला, साधा चढता क्रमांक द्या आणि तो कधीही बदलू नका. जिल्हा, तालुका, खाते यांचा त्यात समावेश करू नका. मग पाचच रकाने भरा: काय आहे, कशाबद्दल आहे, कुठले आहे, केव्हाचे आहे, कोणाकडून आले. ‘कुठले’ या रकान्यात आजचा आणि त्या काळचा, दोन्ही पत्ते लिहा. मान्य शब्दांची यादी एका माणसाकडे असावी आणि नवा शब्द त्याला विचारूनच वाढावा. जुना शब्द मात्र कधी पुसू नये, नव्याशी जोडावा. मजकूर युनिकोडमध्येच टंका. ‘इतर’ हा वर्ग ठेवलात तर दर तीन महिन्यांनी तो उघडून पाहा. तिथे एकसारख्या नोंदी साचल्या असतील तर पैलू कमी पडतो आहे असे समजा आणि शब्दसूची दुरुस्त करा. शेवटी हा तक्ता कोणत्याही एका ॲपमध्ये अडकू देऊ नका, साध्या फाइलमध्ये त्याची प्रत काढून दोन ठिकाणी ठेवा. सॉफ्टवेअर बदलतील, कार्यालये बदलतील, पुन्हा एखादा तालुकाही बदलेल. क्रमांक आणि हे पाच रकाने शाबूत राहिले, तर उद्याचा अनोळखी माणूसही आपल्या तलावाची सगळी कागदपत्रे एका शोधात समोर आणू शकेल, आणि हक्काच्या भांडणात गावाच्या हाती पुरावा असेल.