शाळेपासून मैदानापर्यंत

मुलांनो, मुंबईत दादरच्या शिवाजी पार्क मैदानावर तुम्ही कधी भल्या पहाटे गेला आहात काय? सूर्य अजून वर आलेला नसतो. समुद्रावरून गार वारा वाहत असतो. मैदानाच्या कडेने जाळ्या बांधण्याचे काम चाललेले असते. कोणी खेळपट्टीवर पाणी शिंपडीत असतो, तर कोणी रूळ ओढीत असतो. इतक्यात पाठीवर अंगाएवढी पिशवी घेतलेली मुले चहूकडून येऊ लागतात. कोणी पायी येतो, कोणी बसने, तर कोणी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून. डोळ्यांत अजून थोडी झोप असते. पण चेंडू हातात आला की ती कोठल्या कोठे पळून जाते. दोन तासांनंतर हीच मुले गणवेश घालून निरनिराळ्या शाळांतील बाकांवर बसलेली आढळतील.

या मुलांची नावे दोन वह्यांत लिहिलेली असतात. एक वही शाळेच्या हजेरीची आणि दुसरी क्लबची. मग त्यांच्यातून एखादा चांगला खेळाडू निपजला, तर तो कोणी घडविला म्हणावयाचे? शाळेने की क्लबने?

या प्रश्नाचे उत्तर आपला शेतकरी चांगले देऊ शकेल. भाताचे बी तो प्रथम लहानशा वाफ्यात दाट पेरतो. तेथे रोपे एकमेकांच्या आधाराने वाढतात. परंतु ती वाफ्यातच राहिली, तर त्यांना दाणा धरत नाही. योग्य वेळी ती उपटून मोठ्या शेतात त्यांची लावणी करावी लागते. आणि रोपे काढण्यापूर्वी ते शेत चिखलणी करून तयार ठेवावे लागते. शाळा हा वाफा आहे, आणि क्लब हे शेत आहे. वाफा उत्तम असूनही शेत तयार नसेल, तर रोपे बांधावरच सुकून जातात. शेत तयार आहे पण वाफाच नाही, तर तेथे नुसते तण माजते.

मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट चांगली ध्यानात येते. या शहरात शाळाशाळांमध्ये दोन जुन्या स्पर्धा खेळल्या जातात. एकीचे नाव हॅरिस शील्ड आणि दुसरीचे जाइल्स शील्ड. दोन्ही शंभर वर्षांहून जुन्या आहेत. जाइल्स शील्डमध्ये लहान मुले खेळतात, तर हॅरिस शील्डमध्ये त्यांच्याहून थोडी मोठी. आझाद मैदानावर एकाच वेळी अनेक सामने चालू असतात. एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या क्षेत्ररक्षकाला पाठ लावून उभा असतो; आणि तरीही आपला चेंडू कोणता, हे प्रत्येकास बरोबर कळते! शाळेचे नाव छातीवर लावून खेळण्याचा अभिमान मुलाला प्रथम येथे कळतो.

परंतु शाळेचे सामने वर्षातून थोडे दिवस चालतात, आणि दहावी झाली की शाळा सुटते. पुढे काय? पुढे क्लब असतो. सेंट झेवियर्स शाळेकडून खेळलेले सुनील गावसकर पुढे दादर युनियन या क्लबकडून खेळले. मुंबईच्या क्लबांची एक नामांकित स्पर्धा म्हणजे डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग. ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टी ओली असते, गवत वाढलेले असते, चेंडू कधी उसळतो तर कधी खालीच राहतो. अशा सामन्यात पंधरा वर्षांचा विद्यार्थी आपल्या वडिलांच्या वयाच्या गोलंदाजाला सामोरा जातो. समोरचा आपला दादा किंवा काका शोभेल इतका मोठा असला, तरी तो हळू चेंडू टाकीत नाही. बरोबरीच्या मुलांत मिळत नाही असे हे शिक्षण क्लबात मिळते.

शाळा आणि क्लब यांचे हात एकमेकांच्या हातात देणारा मनुष्य लाभला, म्हणजे काय घडते, हे रमाकांत आचरेकर यांनी दाखवून दिले. आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा केवळ एकच सामना खेळले होते. पण दुसऱ्यांना खेळविण्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले. शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लबच्या जाळ्यांत ते मुलांना शिकवीत, आणि शारदाश्रम विद्यामंदिर या शाळेच्या संघालाही तेच शिकवीत. त्यामुळे पहाटे क्लबात सांगितलेली चूक दुपारी शाळेच्या सामन्यात सुधारली की नाही, हे पाहावयास तेच डोळे हजर असत.

१९८४ साली अकरा वर्षांचा एक मुलगा वांद्र्याहून त्यांच्याकडे आला. त्याच्या शाळेत क्रिकेटला फारसा वाव नव्हता. सरांनी शाळा बदलण्याचा सल्ला दिला. मुलगा शारदाश्रमात दाखल झाला, आणि जाण्यायेण्यात वेळ मोडू नये म्हणून शिवाजी पार्कजवळ आपल्या काकाकाकूंच्या घरी राहू लागला. सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, म्हणजे त्याला एकाहून अधिक सामन्यांत फलंदाजी मिळे. संध्याकाळी मुलगा थकला की ते स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज त्याला बाद करील, नाणे त्याचे; तो बाद झाला नाही, तर नाणे त्याचे स्वतःचे. अशी मिळविलेली तेरा नाणी त्या मुलाने पुढे जन्मभर जपून ठेवली. त्याचे नाव सचिन तेंडुलकर, हे तुम्ही केव्हाच ओळखले असेल!

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमाकडून सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिनच्या धावा ३२६ आणि विनोदच्या ३४९, दोघेही नाबाद. तो पराक्रम नोंदला गेला तो शाळेच्या नावावर. परंतु त्यामागे क्लबच्या जाळ्यांत घालविलेल्या कितीतरी सकाळ-संध्याकाळ होत्या. आचरेकर सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री हा किताब मिळाला. २०१९ साली ते निवर्तले.

भागीदारी हा शब्द येथे मला फार अर्थपूर्ण वाटतो. खेळपट्टीच्या दोन टोकांना दोन फलंदाज असतात. एकट्याने धावून धाव होत नाही. दोघांनी एकमेकांची हाक ऐकावी लागते. एकाने हाक दिली आणि दुसरा जागचा हललाच नाही, तर दोघांपैकी एक जण धावचीत होतो. शाळा आणि क्लब यांचेही असेच आहे. फरक इतकाच, की त्यांच्यात विसंवाद झाला, तर धावचीत होतो तो तिसराच. तो असतो विद्यार्थी!

हे मी केवळ पुस्तकात वाचून सांगत नाही. असा एक विद्यार्थी माझ्याच हातून धावचीत झाला आहे.

मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक होतो. गावात एक लहानसा क्लब होता. एके दिवशी त्या क्लबचे वयस्क चिटणीस माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सर, आपल्या आठवीतल्या एका मुलाच्या डाव्या हातात उपजत फिरकी आहे. आठवड्यातून दोन दिवस त्याला शेवटच्या तासाला सोडाल, तर आम्ही त्याला तयार करू.” मुलाला गणितात जेमतेम गुण मिळत असत. मी विचारही न करता उत्तर दिले, “तो येथे शिकावयास येतो, खेळावयास नव्हे.” चिटणीस नमस्कार करून निघून गेले. तो मुलगा दाराआड उभा होता, हे मला नंतर समजले.

मुलाने क्लब सोडला. माझी समजूत अशी, की आता त्याचे गणित सुधारेल. ते सुधारले नाही. फिरकी तेवढी गेली.

पुष्कळ वर्षे लोटली. मी निवृत्त होण्याच्या बेतात असताना एक तरुण गृहस्थ मला भेटावयास आले. मी ओळखले नाही. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि आपले नाव सांगितले. तोच तो विद्यार्थी! बाजारात त्याचे दुकान होते, आणि त्या जुन्या क्लबचे चिटणीसपद आता त्याच्याकडे आले होते. त्याच्यामागे एक मुलगा आणि एक मुलगी अशी दोन लेकरे संकोचून उभी होती. दोघेही माझ्याच शाळेतली.

“सर,” तो म्हणाला, “त्या वेळी आपण नाही म्हणालात, याचे मला वाईट वाटले नाही. माझ्या अभ्यासाची काळजी आपल्यालाच होती. पण आपण मला एकदा आत बोलावून विचारले असते, तर बरे झाले असते. आज या दोघांना तरी विचारा.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी दोन्ही मुलांना आत बोलावले आणि विचारले. मग आम्ही एका कागदावर काही गोष्टी ठरविल्या. शाळेचे मैदान संध्याकाळी क्लबला मोकळे राहावे. क्लबाने त्यावर रूळ फिरवावा आणि काथ्याची चटई अंथरून खेळपट्टी तयार करावी. टेनिसच्या चेंडूवर खेळलेल्या मुलांच्या हाती एकदम मोठ्यांचा १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा कठीण चेंडू देऊ नये. आधी हलका चेंडू द्यावा, आणि हेल्मेट व पॅड बांधल्याखेरीज कोणालाही जाळीत उभे करू नये. दोन दिवस शेवटचा तास सोडावा. पण बुडालेला अभ्यास शनिवारी एका शिक्षकाने भरून काढावा. घटक चाचणीचे गुण क्लबलाही कळवावेत. गुण घसरले, तर मुलाला मैदानातून हाकलू नये. त्याचा अभ्यास कोठे अडला आहे, हे दोघांनी मिळून शोधावे. वर्गणी देता येत नाही, म्हणून कोणासही परत पाठवू नये. आणि मुलींसाठी जाळी वेगळी नव्हे, तीच असावी.

शेवटच्या कलमाला तेव्हा काही जण हसले होते. २०२५ साली नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला. त्या संघात आपल्या सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना होत्या. आता कोणी हसत नाही.

त्या गावातून अजून कोणी भारताकडून खेळलेला नाही. कदाचित खेळणारही नाही. शेकडो मुलांत एखादाच तेथवर पोहोचतो. परंतु आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणे, पंचाने बोट वर केले की कुरकुर न करता परतणे, स्वतःचे पॅड सोडून दुसऱ्याच्या पायाला बांधणे, या गोष्टी तेथील मुले रोज शिकतात. शाळेला त्या हव्याच असतात. पण केवळ फळ्यावर लिहून त्या शिकविता येत नाहीत.

मुलांनो, तुमच्या गावी क्लब असेल, तर आपल्या शिक्षकांना त्याची ओळख करून द्या. क्लबातील वडीलधाऱ्यांना आपल्या शाळेत बोलवा. तुम्हांला काय हवे आहे, ते दाराआड उभे न राहता नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगा. हाक देण्याचा अधिकार फलंदाजाला असतोच. ती हाक ऐकण्याचे काम आम्हां मोठ्यांचे आहे.

स्वाध्याय

१. लेखकाने शाळेला वाफ्याची आणि क्लबला शेताची उपमा का दिली आहे?
२. कांगा लीगमध्ये विद्यार्थ्याला कोणते शिक्षण मिळते?
३. आचरेकर सरांनी शाळा आणि क्लब यांची सांगड कशी घातली?
४. “असा एक विद्यार्थी माझ्याच हातून धावचीत झाला आहे,” असे लेखक का म्हणतो? त्याची चूक नेमकी कोणती?
५. कागदावर ठरविलेल्या गोष्टींपैकी तुम्हांला सर्वांत महत्त्वाची कोणती वाटते? कारणासह पाच ओळी लिहा.
६. पुढील वाक्प्रचार वाक्यांत वापरा : कोठल्या कोठे पळून जाणे, आयुष्य वेचणे, बेतात असणे.